चासीला कटर नको

जुन्या जीपचं इंजिन बदलायचंय म्हणून आलेला माणूस आधी ताकदीचं विचारतो. किती हॉर्सपॉवरचं बसेल, टर्बो चालेल का, हायवेला ऐंशीच्या पुढे जाईल का. मी त्याला उलटे तीन प्रश्न विचारतो. आरसी बुकात इंधनाच्या आणि इंजिनाच्या रकान्यात काय लिहिलंय? ब्रेक कुठले आहेत? आणि गाडी पवनानगरच्या पुढे कुठेतरी बंद पडली तर तिला हात लावणारा तिथं कोण आहे? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली की कुठलं इंजिन बसवायचं हे ठरवायला फारसं डोकं लागत नाही. मिळाली नाहीत तर कितीही भारी इंजिन आणा, गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

मी मुळात टूलरूमचा माणूस. भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्श्चर आणि डाय करण्यात उमेदीची वर्षं गेली. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा मिळालेल्या पैशांतून एक जुना लेथ, वेल्डिंग सेट आणि चेनपुली घेतली आणि जुन्या सांगवीत पत्र्याची शेड टाकली. जागा निवडताना फार विचार केला नव्हता, पण या धंद्याला ती बरी निघाली. शेजारी औंध कॅम्प, नदीपलीकडे दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप, जरा पुढे खडकीत लष्कराचं 512 बेस वर्कशॉप. या सगळ्या ठिकाणांहून निवृत्त झालेली माणसं सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या पट्ट्यात राहतात. टँकची गिअरबॉक्स उघडलेला माणूस सकाळी फिरायला जाताना शेडमध्ये डोकावतो आणि उभ्याउभ्या सांगून जातो, की हा आवाज इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आहे. असा सल्ला पैसे देऊन मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत हातून गेलेल्या गाड्यांपैकी एकीविषयी सविस्तर लिहितो, कारण इंजिन बदलण्याच्या कामात जे जे प्रश्न येतात ते सगळे तिच्यात एकदम आले.

गाडी आबांची. आबा जुन्या सांगवीतले शेतकरी, म्हणजे आता शेतावर सोसायट्या उभ्या आहेत. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून ‘हाय बॉनेट’ जीप घेतली होती, कंपनीच्या भाषेत सीजे-थ्रीबी. मार्केट यार्डाला माल नेणं, लग्नाची वरात, विहिरीच्या मोटारी, सगळं तिनं केलं. 1980 च्या दशकात तिचं मूळ पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलं. मग शेती गेली, मावळात दुसरी जमीन घेतली, जीप वर्षातून चार-दोन वेळा तिकडे जायची आणि बाकीचा वेळ पार्किंगमध्ये उभी राहायची.

2024 च्या जुलैत, 25 तारखेच्या पावसात धरणांतून पाणी सोडलं आणि मुळा-पवनेचं पाणी जुन्या सांगवीच्या नदीकाठच्या वस्तीत शिरलं. जीप बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर आबांच्या पुतण्यानं दुसरीकडची बॅटरी आणून जोडली आणि सेल्फ मारला. तिच्या डिझेल इंजिनात हवा वीसपटीहून जास्त दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर थांबला, मागून क्रँक फिरत राहिला आणि कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉकच्या बाजूला भोक पाडून बाहेर आला. पुरातून निघालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो. आधी हीटर प्लग किंवा नोझल काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर उडू द्यायचं, तेल बदलायचं. त्या आठवड्यात सांगवीत हे मी घरोघर सांगत होतो. आबांच्या घरी मी पोचेपर्यंत काम होऊन गेलं होतं.

“मिस्त्री, गाडी भंगारात घालायची न्हाई,” एवढंच आबा म्हणाले. “बापानं आणलीय.”

त्यांच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं. तो चाकणला एका कंपनीत इंजिनिअर. गाडी ठेवायची तर आता चांगलं कॉमन रेल टर्बो इंजिन टाकू, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, सगळं एकदमच करू, असा त्याचा बेत. मोबाइलवर त्यानं मला केरळातल्या, पंजाबातल्या गाड्या दाखवल्या. कामं देखणी होती, यात शंका नाही.

मी त्याला म्हटलं, “दादा, आधी मला आरसी दाखवा.”

आरसी बुक जुनं, कापडी पाठीचं, तीन अक्षरी नंबरचं. त्यात पेट्रोल खोडून डिझेल केलेलं, नव्या इंजिनाचा क्रमांक चढवलेला आणि त्या बदलावर परिवहन कार्यालयाचा शिक्का. इंजिन प्युजो. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी नियमानं परवानगी घेऊन काम केलं होतं. त्या एका शिक्क्यानं निम्मा निर्णय करून टाकला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. रंग बदला, बारीकसारीक फिटिंग करा, पण मूळ तपशील बदलणाऱ्या गाडीची नोंद होणार नाही. इंजिन निकामी झालं आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं तर ते कळवून नवा क्रमांक आरसीवर घेता येतो. भलत्याच कंपनीचं बसवलं तर गाडी रस्त्यावर पळेल, पण कागदावर ती दुसरीच असेल. एखाद्या दिवशी अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडते. मुलाला हे पटायला वेळ लागला नाही. नोकरी वाहन कंपनीतली असल्यानं कागद म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तरी त्याचा एक प्रश्न राहिलाच. “पण काका, प्युजो तरी हिचं मूळ इंजिन कुठंय? तेही बाहेरचंच.”

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर या गाडीच्या इतिहासात आहे. हाय बॉनेटचं बॉनेट उंच का, तर इंजिन बदललं म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये विलीजचं ‘गो डेव्हिल’ इंजिन होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला, त्यामुळे उंची कमी. पुढे विलीजनं त्याच 134 घनइंची, म्हणजे साधारण 2.2 लिटरच्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि त्याला ‘हरिकेन’ नाव दिलं. ताकद वाढली, इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. 1953 मध्ये त्यांनी बॉनेटच उचललं आणि सीजे-थ्रीबी तयार झाली. तिच्या ज्या चेहऱ्यावर लोक जीव टाकतात तो चेहराच इंजिन बदलल्यामुळे आला आहे.

आपल्याकडे महिंद्रानं हीच गाडी पुढे दशकानुदशकं बनवली आणि तिच्यात एकामागून एक इंजिनं घातली. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा घरातच असलेलं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर सुरू झालेल्या ट्रॅक्टर कंपनीचं ते इंजिन. जोर भरपूर, पण चाल ट्रॅक्टरची. मग 1979 मध्ये प्युजोशी करार झाला आणि एक्सडीपी 4.90 हे हलकं, जास्त फिरणारं डिझेल इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. एमएम 540 त्यावरच चालली. त्यानंतर डीआय आलं, बोलेरोवाल्यांना पाठ असलेलं 2523 सीसीचं. त्याच्या सिलिंडरला व्हर्नियर लावलं तर बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 101.6. म्हणजे इंचात साडेतीन बाय चार. इंटरनॅशनलच्या जुन्या 154 घनइंची ट्रॅक्टर इंजिनाचं माप अगदी हेच. फ्रान्सला जाऊन येऊन गाडी पुन्हा शेतातल्या मापावर आली.

कंपनी हे करत होती तेव्हा गॅरेजवालेही गप्प बसले नव्हते. पुण्या-पिंपरीत तर इंजिनांचा तोटाच नव्हता. आकुर्डीला बजाज टेम्पो, आताची फोर्स मोटर्स, मर्सिडीजच्या परवान्यानं ओएम 616 बनवायची. ते 2.4 लिटरचं डिझेल इंजिन ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्सवर लाखो किलोमीटर चालताना सगळ्यांनी पाहिलं होतं. ‘मर्सिडीज इंजिनची जीप’ म्हणून या भागात आजही मिशीला पीळ भरणारे लोक आहेत. इंजिन उत्तम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आबांच्या आरसीवर ते नव्हतं.

डीआयचाही विचार झाला. महिंद्राचंच, आणि स्पेअर तालुक्याच्या गावाला मिळतात. पण इथं मागच्या धुऱ्याचा हिशोब आडवा येतो. या जीपचं क्राउन-पिनियन 5.38 चं. इंजिनाचे 5.38 फेरे झाले की टॉप गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होतो. सोळा इंची जुन्या मापाच्या टायरवर 3000 फेऱ्यांना ताशी पंचाहत्तरच्या आसपास वेग मिळतो. प्युजोची पूर्ण ताकद 4500 फेऱ्यांवर, त्यामुळे 3000 ला ते आरामात असतं. डीआयची पूर्ण ताकद 3200 वर, म्हणजे त्याच पंचाहत्तरला ते शेवटच्या श्वासावर. मग क्राउन-पिनियन बदला, तेही पुढचं आणि मागचं दोन्ही, कारण फोर बाय फोरला दोन्हीकडे एकच प्रमाण लागतं. एक इंजिन बदलायला जावं आणि दोन धुरे उघडून बसावं, असा तो प्रकार. मूळ पेट्रोल हरिकेनचा वेग आणि प्युजोचा वेग जवळपास सारखे, म्हणून जुनं क्राउन-पिनियन त्याला चालतं. 1980 च्या दशकातल्या त्या मिस्त्रीनं निवड योग्यच केली होती.

त्याच्या हाताबद्दल मात्र तेच म्हणता येणार नाही. जुनं इंजिन चेनपुलीनं वर काढलं आणि खालचं चित्र दिसलं. प्युजोचा सम्प पुढच्या धुऱ्याच्या गोळ्याला लागत होता. या जीपचा पुढचा डिफरन्शिअल उजवीकडे असतो आणि आपल्याकडे स्टिअरिंग बॉक्सही त्याच बाजूला, त्यामुळे तिथं मुळातच दाटी. त्यावर त्या मिस्त्रीनं उपाय काय केला, तर चासीचा पुढचा क्रॉस मेंबर गॅस कटरनं अर्धचंद्रासारखा कापला. चाळीस वर्षं खड्ड्यात आपटून चासीचे दोन्ही चॅनेल त्या जागी आत ओढले गेले होते. पाटे बदला, शॅकल बदला, बुश बदला, गाडी डावीकडे ओढते ती ओढतेच, अशी आबांची जुनी तक्रार होती. तिचं मूळ या कापलेल्या चंद्रकोरीत होतं.

इथं माझा नियम सरळ आहे. इंजिन आणि गाडी एकमेकांत मावत नसतील तर कापायचं इंजिनाच्या बाजूचं. सम्प हा पत्र्याचा डबा आहे. तो बिघडला तर दुसरा मिळतो. चासी दुसरी मिळत नाही, आणि मिळाली तरी तिच्यावर क्रमांक दुसरा असतो. सम्प कापून जिथं धुरा येतो तिथं उथळ केला आणि मागच्या बाजूला खोल, म्हणजे तेलाचं माप तेवढंच राहिलं. तेल ओढणारी जाळी त्याप्रमाणे मागे नेली. चढावर उभं असताना जाळी तेलात बुडालेली हवी, हे आधी कार्डबोर्डचा नमुना करून आणि पाणी भरून पाहिलं. चासी सपाट फरशीवर ठेवून तिरकी-तिरकी मापं घेतली, जॅकनं चॅनेल बाहेर दाबून दोन्ही तिरके एकसारखे होईपर्यंत आणले आणि नवा क्रॉस मेंबर जुन्याच रिव्हेटच्या भोकांत हाय टेन्साइल बोल्टनं बसवला. इंजिनाचे माउंटही वेल्ड केले नाहीत. चासीवर आधीपासून असलेल्या भोकांना ब्रॅकेट बांधून त्यावर घेतले. उद्या कुणाला हरिकेन इंजिन सापडलं तर पान्यानं सगळं खुलेल, ग्राइंडर लागणार नाही.

दुसरं इंजिन शोधणं सोपं नव्हतं. पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या जीप लिलावात यायच्या आणि त्यांतली इंजिनं बाजारात. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या स्क्रॅप केंद्रात जातात. तो झरा आटला. राहिला कुदळवाडीचा भंगार बाजार. चिखलीच्या त्या पट्ट्यात काय मिळायचं नाही, असं नव्हतं. कंपनीतून निघालेल्या अख्ख्या मशिनपासून ट्रकच्या धुऱ्यापर्यंत. तिथल्या एका गोडाउनमध्ये एमएम 540 चं प्युजो सापडलं, ब्लॉक धड, क्रँक मोकळा. मी बिलावर इंजिन क्रमांक लिहून घेतला आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत मागून घेतली. बिनकागदाचं इंजिन स्वस्त मिळतं आणि आरसीवर कधीच चढत नाही. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडीत मोठी कारवाई केली आणि ती गोडाउनं जमीनदोस्त झाली. बांधकामं अनधिकृत होती, आगी लागायच्या, धूर व्हायचा, हे खरंच आहे. पण जुनी गाडी जगवणाऱ्या माणसाचं दुकान त्याबरोबर गेलं, हेही खरं आहे.

प्युजोला बदलता येणारे लायनर असतात. त्यामुळे बोअरिंग करत बसावं लागत नाही. लायनर-पिस्टनचा नवा सेट आणि झालं. फक्त एक गोष्ट मापायची. लायनर ब्लॉकच्या तोंडापेक्षा किंचित वर हवा आणि चारही एकसारखे हवेत. एक खाली राहिला तर तिथून गॅसकेट फुंकतं, मग हेड तापतं आणि वाकतं. ‘प्युजो गरम होतं’ अशी जी बदनामी आहे, तिच्यातली बरीचशी इथं डायल गेज न लावण्यामुळे झालेली आहे.

आता या कामातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग, अॅडॉप्टर प्लेट. इंजिन प्युजोचं आणि गिअरबॉक्स मूळ विलीजच्या घराण्यातली तीन गिअरची टी-90. दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड प्लेट लागते. पाहणाऱ्याला ती भोकं पाडलेली लोखंडी चकती वाटते. प्रत्यक्षात सगळं काम ती एका रेषेसाठी करते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत आले पाहिजेत. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये शिरतं. रेषा चुकली तर तो बुश खाल्ला जातो, क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर करकरतो आणि बेअरिंग ओरडू लागतं. आबांची जीप कायम ओरडायची. तिच्यात बसून बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, असं घरातले सांगत.

जुनी प्लेट गॅसनं कापलेली होती, भोकं कानशीनं ताणलेली. फेकण्याआधी मला तिचं माप हवं होतं. क्रँकच्या मागे फ्लायव्हील बांधलं, त्यावर मॅग्नेटिक स्टँड, आणि डायलची सुई गिअरबॉक्स ज्या गोल बोअरमध्ये बसते त्याच्या आतल्या कडेला टेकवली. क्रँक हातानं हळूहळू फिरवला. सुई एका बाजूला गेली, थांबली आणि परत येऊन पलीकडे निघाली. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. शेडमध्ये कामाला असलेल्या पोराला वाटलं, अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, सूतभरसुद्धा नाही. त्याला म्हटलं, तू गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालवणार. दर फेऱ्याला हा शाफ्ट एवढा वाकून सरळ होणार. आता गुणाकार कर.

नवी प्लेट दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंडिंग करून घेतली आणि बोअर भोसरीत जिग बोरिंगवर. पण मशिनवरून आलेली प्लेट थेट बांधायची नसते. ब्लॉक, बेल हाऊसिंग, प्लेट या प्रत्येकाची थोडी थोडी चूक एकत्र होते. म्हणून बोल्ट अर्धवट आवळायचे, डायल लावायचा, नायलॉनच्या हातोडीनं प्लेट केसभर सरकवायची, पुन्हा क्रँक फिरवायचा. सुई पाच शतांशाच्या आत आली की बोल्ट आवळायचे, पुन्हा पाहायचं, आणि मगच डॉवेल पिनची भोकं ड्रिल करून रीमर मारायचा. एकदा डॉवेल बसली की पुढचा कुठलाही मिस्त्री गिअरबॉक्स काढून लावो, ती त्याच जागी येणार. पायलट बुश फॉस्फर ब्राँझचा घरच्या लेथवर केला. हे सगळं झाल्यावर इंजिन-गिअरबॉक्स जमिनीवरच जोडून इनपुट शाफ्ट दोन बोटांनी फिरवून पाहिला. फिरला. पोरगा काही बोलला नाही, पण त्यानंतर डायल वापरायला तो माझी परवानगी विचारेनासा झाला.

बाकीच्या कामांचं फार सांगण्यासारखं नाही. धुऱ्यांतलं ऑइल पाणी मिसळून चहासारखं झालं होतं, हबमध्ये नदीचा गाळ. सगळे बेअरिंग नवे. तळाचा पत्रा सडलेला तेवढाच कापून त्याच जाडीचा नवा लावला आणि पुट्टी कमीत कमी भरली. वायरिंग पूर्ण नवं. ब्रेकवर मात्र मी अडून बसलो. मूळचे छोटे ड्रम काढून महिंद्राच्याच मागाहूनच्या जीपचे मोठे ड्रम बसवले. ते मूळ धुऱ्यावर बोल्टनं बसतात, काही कापावं लागत नाही. डिस्कचा हट्ट मुलानं सोडला.

रंग ठरवायच्या वेळी त्यानं अजून एक विषय काढला. 2021 च्या जुलैत केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असा वेगळा नंबर, 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आपली गाडी पन्नाशी ओलांडलेली, मग ती नंबरप्लेट का नको? मी त्याला नियमातली अट वाचून दाखवली. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभाल एवढ्यापुरतीच. आबांना तर ती मावळात न्यायची होती.

“म्हणजे आजोबांनी पेट्रोल इंजिन ठेवलं असतं तर...”

ठेवलं असतं तर बसवता आलं असतं. पण ते तेव्हाच भंगारात गेलं होतं. त्या काळी पेट्रोल जीपच्या इंजिनाला लोखंडाचा भाव होता. आज धड हरिकेन इंजिन मिळवायला लोक हैदराबाद-कोइमतूर पालथं घालतात. नियम मला योग्य वाटतो. कंपनीनं चार इंजिनं घातली हे खरं, पण प्रत्येक गाडी कारखान्यातून एकच घेऊन बाहेर पडली, आणि जतन करायचं ते तेच. मात्र वापराच्या गाडीला ही कसोटी लावायचं कारण नाही. वापरातल्या गाडीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की तिच्यावर केलेलं काम उलगडता यावं.

नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढला, पासिंग झालं, पर्यावरण कर भरला. पहिली मोठी फेरी अर्थात मावळात. आबांच्या जमिनीकडे जाणारा रस्ता शेवटच्या टप्प्यात लाल मातीचा, खडा चढ, पावसानं मधोमध घळ पडलेली. टी-90 चा पहिला गिअर 2.8, ट्रान्सफर केसचा लो 2.46 आणि क्राउन 5.38. तिन्हींचा गुणाकार सदतीस. इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला तरी जीप माणसाच्या चालीहून कमी वेगानं, एका लयीत चढत राहते. त्या चढावर आबा शेजारी बसून माझ्याशी साध्या आवाजात बोलत होते, मध्येच थांबून म्हणाले, “आवाज कुठं गेला?” मुलगा मागून म्हणाला, “प्लेट बदलली ना.” साठ-बासष्ट हॉर्सपॉवर त्या चढाला पुरून उरली. दीडशे असती तर चाकंच फिरली असती, माती उडाली असती.

ज्यांच्या दारात, गोठ्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी जीप उभी आहे त्यांना माझं सांगणं थोडक्यात. गाडी ज्याच्याकडे द्याल त्याला डायल आहे का विचारा. काढलेलं जुनं इंजिन विकू नका, ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून ठेवा, कारण आज त्याला मिळणारे पैसे आणि उद्या ते शोधायला लागणारे पैसे यांचा मेळ कधीच बसत नाही. भंगारातून इंजिन घेतलंत तर त्याचा कागद घ्या, नसेल तर इंजिन सोडून द्या. ब्रेक झाल्याशिवाय ताकदीचा विषय काढू नका. चासीला कटर लावतो म्हणणारा मिस्त्री कितीही नावाजलेला असो, गाडी ढकलत का होईना, परत घरी आणा. आणि हे सगळं करण्याआधी आरसी बुक उघडून वाचा, कारण पुढचं बहुतेक काम त्यातच ठरलेलं असतं.